स्वयंपाकघर एक, चित्रपट दोन

‘फादर, आपल्या सभागृहात तो हिंदी सिनेमा दाखवा, मल्याळम नको,’ अशी सूचना आमच्या धर्मग्रामातील विवाहित जोडप्यांच्या गटातून आली, तेव्हा आम्ही तिचे कारण विचारले. अडचण भाषेची असावी, असा आमचा समज होता. परंतु सूचना करणाऱ्या गृहस्थांनी सरळच सांगून टाकले, की मल्याळम चित्रपट अंगावर येतो आणि हिंदी चित्रपट निदान बघवतो. वाचकहो, दोन्ही चित्रपटांवर बरेच काही लिहून आले आहे. पण या एका वाक्याइतके नेमके समीक्षण आमच्या वाचनात आलेले नाही. मात्र त्या गृहस्थांनी ज्या कारणासाठी हिंदी चित्रपटाला पसंती दिली, त्याच कारणासाठी आम्ही ती नाकारतो.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यावयास हवी. ‘द ग्रेट इंडियन किचन’ हा जिओ बेबी यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला मल्याळम चित्रपट १५ जानेवारी २०२१ रोजी ‘नीस्ट्रीम’ या केरळातील नव्या, लहानशा इंटरनेट-वाहिनीवर आला. बड्या कंपन्यांनी तो आधी स्वीकारला नव्हता. लोकांनी तो डोक्यावर घेतल्यावर मग त्यांचीही दारे उघडली. केरळ राज्याचा २०२० सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. २०२३ मध्ये त्याची तमिळ आवृत्ती निघाली. हिंदी आवृत्तीचे नाव ‘मिसेस’. आरती कडव यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ७ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘झी-५’ वर प्रदर्शित झाला. मूळ चित्रपटात मुंबईत वाढलेल्या निमिषा सजयन यांनी सुनेचे काम केले आहे, हिंदीत सान्या मल्होत्रा यांनी. दोघींच्या अभिनयाविषयी आमची कसलीही तक्रार नाही.

कथा दोन्हींची एकच. नृत्य शिकलेली एक सुशिक्षित मुलगी लग्न होऊन एका प्रतिष्ठित घरात येते. घरात मारझोड नाही, दारू नाही, हुंड्याचा छळ नाही. सासरे मृदुभाषी आहेत, नवरा सुस्वभावी आहे. फक्त त्या घरात दिवसातून तीन वेळा जेवण होते.

मूळ चित्रपटाचे सामर्थ्य या ‘तीन वेळा’त आहे. दिग्दर्शक आपल्याला स्वयंपाकघरात नेतो आणि तेथेच बसवून ठेवतो. भाजी चिरणे, नारळ खवणे, फोडणी, वाढणे, उचलणे, घासणे, पुसणे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजी चिरणे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. विळी-सुरीचा, भांड्यांचा, नळाच्या पाण्याचा, झाडूचा आवाज तेवढा कानांवर येत राहतो. (ध्वनिसंयोजनासाठी टोनी बाबू यांना राज्य पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे.) सुरुवातीला ते पदार्थ पाहून आपल्याला भूक लागते. अर्ध्या तासाने ती भूक मरते. एका तासाने आपल्याला त्या सिंकचा वास येऊ लागतो. पडद्यावरून वास येत नाही हे ठाऊक असूनही तो येतो.

सासऱ्यांना भात चुलीवर शिजवलेला हवा, कुकरमधला चालत नाही. चटणी पाट्यावर वाटलेली हवी. कपडे यंत्रात धुतलेले आवडत नाहीत. हे सारे ते अगदी गोड आवाजात सांगतात. सकाळी त्यांच्या हातात ब्रश द्यावा लागतो आणि बाहेर निघताना त्यांच्या पायांपुढे चपला ठेवाव्या लागतात. पुरुष आधी जेवतात. शेवग्याच्या शेंगांचा चोथा ताटाशेजारी टेबलावरच टाकून उठतात. आणि त्याच टेबलावर, त्या उष्ट्याखरकट्याच्या बाजूला, घरातील स्त्रिया नंतर जेवायला बसतात. हॉटेलात गेल्यावर मात्र नवऱ्याचे टेबल स्वच्छ राहते. बायको हसत हसत तसे बोलून दाखवते, आणि सुस्वभावी नवऱ्याचा चेहरा प्रथमच बदलतो. घरी आल्यावर तिला क्षमा मागावी लागते. आमच्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत भयंकर प्रसंग हाच आहे, आणि त्यात कोणीही आवाज चढवीत नाही.

सिंकखालची नळी गळते आहे. प्लंबरला बोलवायचे ती रोज सांगते, तो रोज विसरतो. ती खाली बादली ठेवते, बादली भरते, ती रिकामी करते. रात्री अंथरुणावर ती स्वतःचे हात हुंगते. एवढ्या साध्या गोष्टीतून एका संसाराची कहाणी सांगता येते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

आता हिंदी चित्रपटाकडे वळू. तो वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. वाईट असता तर त्यावर लिहिण्याची आवश्यकताच नव्हती. त्यात नळी गळते, पाटा-वरवंटा आहे, फुलका तव्यावरून थेट ताटात पडावा असा हट्ट आहे. मूळ चित्रपटातील नवरा शाळेत समाजशास्त्र शिकवतो. हिंदीत तो स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर केला आहे. स्त्रीच्या देहाची सर्व माहिती असलेल्या माणसाला स्वतःच्या पत्नीच्या थकव्याची माहिती नाही! हा बदल मुळापेक्षाही धारदार आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु इतर बदलांचे काय? मूळ चित्रपटातील माणसांना नावेच नाहीत. ती सून, तो नवरा, ते सासरे. त्यामुळे प्रेक्षकाला पळवाट उरत नाही. रिकाम्या जागी आपलेच नाव बसते. हिंदीत ती रिचा झाली, तो दिवाकर झाला, आणि त्याबरोबर ही गोष्ट दिवाकरच्या घरची झाली. प्रेक्षकाला दिवाकरचा राग येतो. राग येणे फार सुखाचे असते. राग आला की आपण त्यातून सुटतो. मूळ चित्रपटात शांतता होती तेथे हिंदीत संवाद आले, आणि ती थकली आहे, दुखावली आहे, हे प्रेक्षकाला समजावून सांगण्याची काळजी घेतली गेली. समजावून सांगितलेले दुःख लवकर पचते.

तरीही हे किरकोळ. आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. मूळ चित्रपटातील देव हिंदी चित्रपटातून बाहेर काढला गेला आहे.

मूळ कथेच्या उत्तरार्धात पती व सासरे शबरीमलेचे व्रत धरतात. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सर्व वयांच्या स्त्रियांना त्या मंदिरात प्रवेश खुला केला, त्यानंतर केरळात जी खळबळ उडाली, तिचे सावट चित्रपटावर आहे. व्रताच्या काळात सुनेला पाळी येते. तिला वेगळ्या खोलीत, जमिनीवर चटईवर झोपायचे असते. तिची सावलीही नको असते. नवरा स्कूटरवरून पडतो, ती धावत जाऊन त्याला सावरते, आणि तो तिच्यावर ओरडतो. विटाळाला प्रायश्चित्त काय, याची चौकशी करतो. ज्या हातांचे अन्न रोज चालत होते, त्या हातांचा आधार चालत नाही. याच ओघात एक लहानसा प्रसंग येऊन जातो. पाळीच्या दिवसांत कामाला आलेली मोलकरीण हसत सांगते, की स्वतःच्या पाळीच्या दिवसांतही ती लोकांकडे कामाला जाते, फक्त कोणाला सांगत नाही. घरी बसून तिला परवडणार कसे? सोवळ्या-ओवळ्याचे अर्थशास्त्र दिग्दर्शकाने एका वाक्यात उघडे केले आहे.

हिंदी चित्रपटाने हे व्रत वगळले आणि त्या जागी करवा चौथ आणली. उत्तर हिंदुस्थानात शबरीमला कोठून आणणार, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्तही आहे. रूपांतरकाराला स्थानिक पर्याय शोधावाच लागतो. पण कोणता पर्याय शोधला, यावरून त्याच्या धैर्याची परीक्षा होते. करवा चौथ हा स्त्रीने पतीसाठी करावयाचा उपवास. हिंदी चित्रपटांनीच त्याला मेंदी, चाळणी आणि चंद्र देऊन गोड करून ठेवले आहे. शबरीमलेचे व्रत हे पुरुषाने स्वतःच्या शुद्धीसाठी करावयाचे व्रत, आणि चित्रपटाचे म्हणणे असे, की त्या घरात पुरुषाची शुद्धी स्त्रीच्या अशुद्धीवर उभी आहे. पहिल्याने एका कुटुंबाची रीत दाखवता येते. दुसऱ्याने वेदीलाच प्रश्न विचारला जातो. मूळ चित्रपटाला सुरुवातीला दारे का बंद झाली आणि हिंदी आवृत्तीला ती का उघडी होती, याचा विचार वाचकांनी करावा.

येथवर वाचून काही वाचकांना बरे वाटले असेल. ही शेजाऱ्यांच्या देवघरातील गोष्ट. आपल्याकडे विटाळ नाही, व्रत नाही, आपल्या स्त्रिया कोणत्याही दिवशी मिस्साला येतात, असे त्यांच्या मनात आले असेल. आमच्या गटातील एका सद्गृहस्थांनी ते बोलूनही दाखवले. त्यांच्यासाठी, आणि सेमिनरीत जो इतिहास शिकूनही आम्ही स्वतः विसरत असतो त्यासाठी, थोडे स्मरण करून देतो.

पाळीच्या काळात स्त्रीने पवित्र कम्युनियन घ्यावे की नाही, हा प्रश्न कँटरबरीच्या संत ऑगस्टिनच्या नावाने पोप महान ग्रेगरी यांना विचारला गेल्याचे बीड या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. तिला मना करू नये, असे ग्रेगरींचे उत्तर होते. उत्तर उदार होते. परंतु प्रश्न पडला होता, हे विसरू नये. बाळंतपणानंतर मातेने चर्चच्या दाराशी येऊन आशीर्वाद घेऊन मगच आत यावे, ही रीत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. वेदीसेवेसाठी मुलींना परवानगी मिळाली १९९४ मध्ये. आज्ञागुरुवारी पुरुषांचेच पाय धुवावेत, असा दंडक होता. पोप फ्रान्सिस यांनी तो २०१६ च्या जानेवारीत बदलला. म्हणजे प्रभूने स्वतः गुडघे टेकून शिकवलेल्या सेवेत स्त्रीचे पाय अधिकृतपणे यायला आपल्याला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. तेव्हा शेजाऱ्याच्या देवघराकडे पाहून मान हलवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. जिओ बेबी यांनी पुढे २०२३ मध्ये ‘काथल – द कोअर’ हा चित्रपट ख्रिस्ती कुटुंबावरच केला आहे. ते फक्त परक्याच्याच घरात डोकावतात, असा आरोपही त्यांच्यावर करता येत नाही.

मूळ चित्रपटाचा रीमेक आपल्या एखाद्या ख्रिस्ती घरात करायचा झाला, तर शबरीमलेच्या जागी काय ठेवावे, असा विचार आम्ही काही दिवस करीत होतो. उपवासकाळ? त्यातील शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासळीचे तीन प्रकार रांधले जातात, आणि त्यागाचे पुण्य खाणाऱ्याच्या नावे जमा होते! धर्मग्रामाचा सण? त्या दिवशी सांगीत मिस्साला सर्वांत मागच्या बाकावर, हाताला मसाल्याचा वास घेऊन, धावतपळत येऊन बसलेल्या स्त्रिया आम्ही वेदीवरून वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पण खरे उत्तर याहून अडचणीचे आहे. आपल्या घरातील वेदीवर आम्हीच बसलेले असतो. घर आशीर्वादित करायला आम्ही जातो, तेव्हा मुख्य खुर्ची आमची असते. यजमान आमच्याबरोबर बसतात. यजमानीणबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहतात आणि ‘फादर, आणखी थोडे घ्या’ म्हणतात. त्या कधी जेवल्या, हे एकाही घरी आम्ही विचारलेले आम्हांस आठवत नाही. सेमिनरीत आम्ही स्वतःची ताटली स्वतः धूत असू. दीक्षा झाली आणि ती सवय सुटली. कोणी सोडायला लावली नव्हती; कोणी तरी ताटली उचलून नेऊ लागले, एवढेच.

मार्थेची गोष्ट आम्ही प्रवचनात कितीदा सांगितली असेल! लूकच्या शुभवर्तमानातील त्या प्रसंगावर बोलताना मार्थेला आम्ही नेहमी थोडे रागे भरतो, आणि प्रवचन संपवून मार्थेनेच केलेले जेवण जेवायला जातो. मरियेने चांगला वाटा निवडला हे खरे. पण मग त्या दिवशीची भांडी कोणी घासली, असा प्रश्न ऐकणाऱ्या एखाद्या तरी स्त्रीच्या मनात येत असेल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू स्वतः किनाऱ्यावर निखारे पेटवून मासळी भाजतो आणि रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. त्या अध्यायावरून आम्ही पेत्राच्या अधिकाराविषयी पुष्कळ बोललो आहोत. त्या निखाऱ्यांविषयी बोललेलो नाही.

आता दोन आक्षेपांचा समाचार घेणे प्राप्त आहे. ‘मिसेस’ प्रदर्शित झाल्यावर पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने समाजमाध्यमांवर तक्रार केली, की पुरुष बाहेर राबतो तर स्त्रीने घरात राबण्यात एवढे काय मोठे? हा प्रश्न भावनेने सोडवण्याचे कारण नाही; सरकारनेच तो मोजला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची २९९ मिनिटे त्या बिनपगारी कामात जातात, असे आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. तिची दहा मिनिटे वाचली, आणि त्याने आपलीही नऊ मिनिटे वाचवून घेतली. शिवाय हा हिशेब हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे; दिवसभरात अजिबात हात न लावणारे सुमारे तीन चतुर्थांश पुरुष त्यात धरलेलेच नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा, म्हणून अधिक गंभीर. हे चित्रपट घर मोडायला शिकवतात. शेवटी ती सिंकखालचे घाण पाणी चहा म्हणून देते, तेच पाणी नवऱ्याच्या व सासऱ्यांच्या अंगावर फेकते आणि घर सोडून जाते. विवाहबंधन अतूट मानणाऱ्या ख्रिस्तसभेच्या धर्मगुरूने असला चित्रपट दाखवावा काय? आम्ही विवाह अतूट मानतो, आणि मानत राहू. पण अतूट म्हणजे एकीने तोलून धरायचा, असा अर्थ कोठे आहे? एफेसकरांस पाठवलेल्या पत्रात स्त्रियांविषयीच्या वचनाआधी परस्परांच्या अधीन राहण्याची आज्ञा येते, आणि ही अधीनता दोन्ही बाजूंची आहे, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ च्या ‘मुलिएरिस दिग्नितातेम’ या पत्रात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. घरकाम केल्याने पुरुषाचे पौरुष उणावत नाही, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ मध्ये लिहिले. जोडीदाराने सहजीवन असह्य करून सोडले तर विभक्त राहण्याची मुभा धर्मविधीसंहितेच्या ११५३ व्या नियमानेही दिलेली आहे. चित्रपटातील तो संसार त्या नियमात बसतो की नाही, हे आम्ही ठरवीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की घर तिने घाण पाणी फेकले त्या दिवशी मोडले नाही. ते नळी गळू लागली तेव्हापासून मोडत होते, आणि प्लंबरला बोलवायचे कोणाला तरी रोज आठवत नव्हते. विवाहपूर्व शिबिरांतून आम्ही तरुणांना निष्ठा, संतती, प्रार्थना, कुटुंबनियोजन यांविषयी तासन्‌तास सांगतो. घासलेल्या भांड्यांविषयी अर्धा तासही आम्ही कधी ठेवलेला नाही.

मूळ चित्रपटाच्या शेवटाजवळचे एक दृश्य याच संदर्भात सांगावेसे वाटते. सून माहेरी परतते. आई व नातलग तिची समजूत घालत असतात. तेवढ्यात बाहेरून आलेला भाऊ प्यायला पाणी मागतो, आणि बसलेल्या बहिणीला ते आणायला सांगितले जाते. ज्या माहेरी ती आधाराला आली, तेथेही तोच पेला. ती उसळून बोलते ती त्या क्षणी. आणि अगदी अखेरीस त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात, नवऱ्याची दुसरी बायको उभी असलेली दिसते.

अखेर आम्ही दोन्ही चित्रपट दाखवले, दोन लागोपाठच्या रविवारी संध्याकाळी. आधी हिंदी. तो संपल्यावर टाळ्या पडल्या, चर्चा झाली, दिवाकर कसा चुकला यावर पुरुषांनीही उत्साहाने मते मांडली. पुढच्या रविवारी मल्याळम. तो संपल्यावर दिवे लागले तरी कोणी हलले नाही, टाळ्याही नाहीत. सूचना करणारे गृहस्थ छताकडे पाहत होते. मागच्या रांगेतील एक वयस्कर बाई शेजारणीला म्हणाल्या, ‘आमची नळी पण अशीच गळत होती गो, दोन वर्षं.’ मग पाच-सहा स्त्रिया सवयीने उठल्या आणि सभागृहामागच्या खोलीत चहा करायला गेल्या. पुरुष बसून राहिले. चहा आला. आम्हीही हात पुढे करून कप घेतला.